वहीत नसलेली तेवीस नावं

चिंचटेक, ४ जानेवारी १९७९

जानराव भाऊ,

जय भीम. ‘सप्रेम’ लिहायला हात वळत नाही, तेवढं सोडून पुढं वाच.

हे पत्र तुझ्या रिसोडच्या घरी टाकते आहे, कचेरीत नाही. कचेरीत टाकलं असतं तर चार कारकुनांनी आधी वाचलं असतं आणि मग तुला दिलं असतं. तेवढी भीड मी अजून राखली आहे. किती दिवस राखायची ते तुझ्यावर आहे.

गायरानाच्या बरडावर सप्टेंबरातच पाटी लागली आहे. बाबा ज्या दगडावर बसून न्याहारी करायचा, त्याच्या शेजारीच दोन खांब रोवून निळी पाटी ठोकली आहे, ‘हिरवा चारा प्रकल्प’. खाली इंग्रजीत हॉलंड देशातल्या एका मदतनिधीचं नाव आणि पत्ता. तारेची भेंडोळी येऊन पडली आहेत. पावसाळ्याआधी सगळ्या गायरानाला कुंपण होणार, आत गवत पेरणार, आणि ते गवत मोठ्या लोकांच्या संकरित गाईंना जाणार. आपल्याकडे गाई नाहीत. आपल्याकडे तेवीस घरं आहेत, सतरा आपली बौद्धांची आणि सहा तांड्यावरची. अठरा वर्षं ते बरड फोडून ज्वारी-तूर काढतो, म्हणून वर्षातले सात महिने दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागत नाही. तुला हे सांगायला नको. तुझी अकरावीची पुस्तकं त्याच तुरीतून आली.

आता ऐक, काय घोळ झाला आहे. सरकारचा निर्णय आला आहे की गेल्या मार्चच्या आधीपासून जे भूमिहीन गायरान कसतात आणि ज्यांची नावं अतिक्रमणाच्या वहीत आहेत, त्यांची जमीन कायम करावी. म्हणजे इतकी वर्षं सरकार ज्यांना गुन्हेगार म्हणून दंड करत होतं त्यांना जमीन, आणि ज्यांचं नाव त्या यादीत नाही ते सज्जन, त्यांनी घरी बसावं. आपल्या गावाची वही १९७३ पासून कोरी आहे. पाच-सात जणांकडे त्याआधीच्या दंडाच्या पावत्या सापडल्या. चौकशीचे साहेब म्हणतात, यावरून तुम्ही बहात्तरपर्यंत होतात एवढंच कळतं, पुढे सोडून गेला असाल.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात आपला पटवारी खडीच्या कामावर नेमला होता. सहा महिने वही तुझ्या हातात होती. जुनी फाटली म्हणून नवी वही तू उतरवलीस. जुनीत तेवीस नावं होती, नवीत एकही नाही. पुढचा प्रत्येक पटवारी मागच्याचं बघून उतरवत गेला. जुनी वही रद्दीत गेली म्हणतात. अक्षर मात्र तुझं आहे, ते मी हजार अक्षरांत ओळखीन.

१२ फेब्रुवारीला चौकशी आहे. साहेब बरडावर येणार आहेत. तू ये आणि एवढंच सांग की नावं होती. दुसरं काही मागत नाही.

विमल


चिंचटेक, १९ जानेवारी १९७९

भाऊ,

पंधरा दिवस झाले. पोस्टमन मला बघून आता लांबूनच मान हलवतो.

तू ऑगस्टात बाबाच्या स्मरणदिनाला आलास तेव्हाचा राग धरून बसला असशील. धर. नुकतंच कचेरीत जाऊन सगळ्यांनी ती कोरी वही पाहिली होती. तू ओट्यावर बसलास आणि उकंडराव आजानं सगळ्यांदेखत सांगितलं, “याले पानी देऊ नका. यानं आपल्या तोंडचं काढलं.” कोणी दिलं नाही. आपल्या वस्तीत, आपल्याच माणसानं आपल्याच माणसाला पाणी नाकारलं. आई तांब्या घेऊन उठली तर तिला बायांनी धरून बसवलं. मी दारात होते. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी आत गेले, हे खरं आहे. मी तेवीस घरांच्या समितीची चिटणीस आहे, भाऊ. मला लोकांबरोबर राहावं लागतं.

पण आता गोष्ट फक्त आपल्या गावाची राहिली नाही, म्हणून पुन्हा लिहिते.

मेडशीचा इब्राहीम मास्तर तुला आठवत असेल, उर्दू शाळेत होता, आता घरीच असतो. तो सायकलनं जाताना पाटी बघून थांबला आणि खालचा पत्ता विडीच्या कागदावर उतरवून घेतला. मला म्हणाला, “विमलबाई, जिसका पैसा है उसको मालूम तो होना, कायले लागून राह्यला ते!” त्यानं इंग्रजीत पत्र धाडलं. मी हसले होते. दीड महिन्यानं निळं हवाई पत्र आलं. निधीच्या साहेबाचं नव्हतं ते, निधीला दर महिन्याला आपल्या पगारातून पैसे देणाऱ्या एका नर्सबाईचं होतं. तिथं मास्तर, नर्सा, गोदीतले कामगार असे हजारो लोक गरिबांसाठी म्हणून देतात. त्यांच्यातल्या काहींनी मिळून विचारायला सुरुवात केली आहे की आपला पैसा जातो कुठे.

डिसेंबरात ती स्वतः आली. एस.टी.नं आली, मेडशीहून चालत आली, तीन दिवस तांड्यावरच्या धनीबाईच्या झोपडीत राहिली. बरड पाहून रडायला लागली तेव्हा धनीबाईनं तिला काय सांगितलं ऐक: “बाई, इथं रडू नोको. इथं आमी रडून घेतो. तू तुह्या गावात जाऊन भांड.” मास्तरनं ते इंग्रजीत केलं तशी तिनं डोळे पुसले आणि वही काढली.

तिच्याकडून कळलं की याच निधीची अशीच कुंपणं आणखी दोन ठिकाणी आहेत, फिलिपिन्समध्ये आणि होंडुरास नावाच्या देशात. शाळेच्या नकाशावर होंडुरास शोधायला मला अर्धा तास लागला. तिथंही गरीब लोक कसत असलेली जमीन कागदावर रिकामी दाखवली आहे. फिलिपिन्सच्या एका बाईचं पत्र नर्सबाईनं दाखवलं. तिनं खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं आहे. मी ते इथं लिहीत नाही, कारण तिकडे लष्करी कायदा आहे आणि त्या सहीसाठी तुरुंग आहे. तिनं विचारलं होतं, “तुमच्याकडे जमिनीवर तुमचं नाव कोणी पुसलं?” भाऊ, मी मास्तरला सांगितलं, उत्तरात लिही, एका कारकुनानं.

तिन्ही ठिकाणच्या लोकांनी ठरवलं आहे की कोणी एकट्यानं तडजोड करायची नाही. निधीचा इथला माणूस येऊन गेला, विहीर देतो म्हणाला, शिलाई मशिनी देतो, चौघांना राखणदाराची नोकरी देतो, अंगठे करा. उकंडराव आजा म्हणाला, “आमचीच जमीन आमीच राखाची, अन् आमालेच आत येऊ द्याचं नाई?” त्या माणसाला चहा न देता वाटेला लावला.

१० मार्चला हॉलंडात निधीच्या सगळ्या सभासदांची वार्षिक सभा आहे. नर्सबाईचे लोक तिथं तिन्ही ठिकाणचे पुरावे वाचणार आणि पैसा थांबवा म्हणणार. निधीच्या अध्यक्षानं आधीच कळवलं आहे की हिंदुस्थानातली जमीन सरकारी दप्तरी मोकळी आहे, तक्रार करणारे खोटं बोलतात, आणि एक खोटा ठरला तर तिघांचीही तक्रार फेटाळावी. आलं लक्षात? तुझ्या त्या एका कोऱ्या पानावरून फिलिपिन्सच्या बाईला खोटं पाडणार आहेत.

नोकरी मोठी की हे, एवढं लिही.

विमल


रिसोड, २७ जानेवारी १९७९

चि. विमल हीस अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. सोळा वर्षं अहवाल लिहिले, त्यामुळे क्रमानं लिहितो.

नवी वही मीच उतरवली. त्यात तेवीस नावं नाहीत, हेही खरं.

मी तसा जबाब दिला तर सरकारी दप्तरात जाणूनबुजून फेरफार केल्याचा गुन्हा होतो. निलंबन लगेच, पुढे खटला. लिलाला दम्याचा त्रास आहे हे तुला ठाऊक आहे. मोठी मुलगी दहावीला बसते आहे.

नोकरी मोठी की हे, असं विचारतेस. मी तुला एक विचारतो. १९७३ च्या जूनमध्ये, मंगळवार होता, एक बाई सकाळच्या गाडीनं कचेरीत आली. हातात भाकरीचं फडकं होतं. मला मागच्या पडवीत बोलावून तिनं काय सांगितलं, ते तू चिंचटेकच्या समितीला सांगितलंस का? त्या फिलिपिन्सच्या बाईला कळवलंस का?

मला पाणी मिळालं नाही त्याचा राग नाही. तू आत गेलीस त्याचा आहे.

तुझा,
जानराव


चिंचटेक, १ फेब्रुवारी १९७९

भाऊ,

नाही सांगितलं.

तीन दिवस तुझं पत्र कणगीत लपवून ठेवलं होतं. आज आई कुणाच्या घरी दळायला गेली आहे म्हणून लिहायला बसले. कोणी आलं तर बालवाडीची हजेरी लिहिते आहे म्हणून सांगणार.

मीच आले होते. मीच म्हटलं. तू विसरला असशील अशी मला आशा होती, एवढी मी मूर्ख. शेजारच्या गावच्या दोघांना गायरान कसलं म्हणून चौदा दिवस आत टाकलं होतं आणि सगळीकडे हूल होती की आता आपल्या गावाची यादी कोर्टात जाणार. बाबा तेव्हा खोकून खोकून अर्धा झाला होता. मला वाटलं हा तुरुंगातून परत येत नाही. मी तुला म्हटलं, बाबाचं नाव काढ. तू म्हणालास, एकच नाव गळलं तर लगेच पकडतील, गळली तर सगळीच गळायला पाहिजेत, आणि ते बरोबर नाही विमल, नको. मी तुझ्या पायाशी बसले. म्हटलं, मग सगळीच काढ, सगळ्यांवर उपकार होतील.

उपकारच वाटला मला तो. गावालाही वाटला. त्या साली दंडाला कोणी आलं नाही, पुढच्या साली नाही, तेव्हा उकंडराव आजानं गूळ वाटला होता, आठवतं? सरकारनं दुष्काळ बघून दंड माफ केला म्हणून. मी पण तो गूळ खाल्ला. दंड आला नाही म्हणून गूळ वाटणारं गाव आणि दंडाची पावती हाच सात-बारा हे न कळलेली चिटणीस, अशी आपली चळवळ! आता जगभर पत्रं लिहितो आहोत.

आणि बाबाला तर कधी कळू द्यायचंच नव्हतं. तो दर वर्षी दंड भरून यायचा आणि छाती काढून सांगायचा, “माणिकरावचं नाव सरकारच्या वहीत हाये. बामणाचं नाई, पाटलाचं नाई, माहं हाये.” आपण त्याला वाचवायला त्याचं नाव पुसलं. तो पंचाहत्तर साली घरच्या खाटेवर मेला, नाव वहीत आहे असंच समजून. त्यावर मला कधी रडूही आलं नाही, इतकं मी हे दडपून टाकलं होतं.

ऑगस्टात वही कोरी निघाली तेव्हा सगळे म्हणाले, जानराव विकला गेला. मी तोंड उघडलं असतं तर तुझ्यावरचा आळ गेला असता. पण माझी चिटणिशी गेली असती, आणि मला वाटलं, चिटणीस खोटी निघाली की सगळंच खोटं ठरेल. असं मी मनाला समजावलं. आता लिहिताना ते समजावणं मलाच पटत नाही. मला भीती वाटली, एवढंच होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यात मी ओठ वाचवले आणि चावलं तुला.

परवाच्या बैठकीत एक जण म्हणाला, रिसोडला एक जण जुन्या तारखेच्या पावत्या करून देतो, तेवीस आणू. अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या. इब्राहीम मास्तर उठला आणि टोपी काढून पुढं ठेवली. म्हणाला, “मी तुमची पत्रं लिहितो कारण खरी असतात. झूठी पावती आनसान तर ही टोपी उचलून मी निघालो. हॉलंडवाला एक पावती पकडन अन् तिघं बुडन.” पावत्यांचं तिथंच बारगळलं. मग उकंडराव आजा माझ्याकडे वळून म्हणाला, “विमल, आता तुहा भाऊच उरला. आन त्याले.” सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, आणते.

लिलावहिनीचं आणि पोरींचं वाचून मी तुला ये म्हणू शकत नाही, आणि येऊ नको म्हणायलाही तोंड नाही. मी काय करीन ते सांगते. बारा तारखेला मी उठून सांगीन की मी नावं काढायला लावली. तुझं नाव घेणार नाही. हे लिहून ठेव.

विमल


चिंचटेक, १३ फेब्रुवारी १९७९

भाऊ,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, तांड्यावरच्या धनसिंगच्या हाती देते आहे. तो उद्या रिसोडच्या बाजारात येतो. तुझ्याच हातात देईल. साहेब तुझ्याकडे पोचायच्या आधी तुला सगळं कळायला हवं.

काल दहा वाजता साहेब आले. बरडावर टेबल मांडलं होतं. निधीचा माणूस, पटवारी, दोन पंच, आणि आपली तेवीस घरं जमिनीवर. तुरीची कापणी नुकतीच झाली होती, खुंट जागच्या जागी होते. साहेब माणूस वाईट नाही. खुंट पाहिले, विहिरीचा अर्धवट खड्डा पाहिला, धनीबाईच्या शेताच्या धुऱ्यावरची बोर किती वर्षांची ते विचारलं. मग म्हणाले, “मला दिसतंय. पण मी डोळ्यांनी पाहिलेलं चालत नाही. वहीत नावं का नाहीत, याचं कोणी उत्तर देणार असेल तर लिहून घेतो.”

मी उठले. म्हटलं, “साहेब, वहीत नावं होती. त्र्याहत्तर साली मी काढायला लावली.”

मी सगळं सांगितलं, बाबाचं, तुरुंगाच्या भीतीचं. साहेबांनी लिहिलं नाही. पेन धरून बसले. म्हणाले, “बाई, कोणाला सांगितलं काढायला? वही काही तुमच्या हातात नव्हती. नाव सांगा. नावाशिवाय हा जबाब होत नाही.”

मी नाव सांगितलं नाही. शपथ घेऊन सांगते, मी तुझं नाव घेतलं नसतं. निधीचा माणूस हसायला लागला. म्हणाला, साहेब, बनवाबनवी आहे, पुढं चला. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

तेव्हा आई उठली. तिला उठायला वेळ लागतो, तुला ठाऊक आहे. दोन्ही हात गुडघ्यावर रोवून उठली आणि टेबलाजवळ गेली.

“लिवा,” म्हणाली. “भागिरथा माणिकराव. माह्या पोरानं नावं काढली, जानरावनं. माह्या पोरीनं सांगतलं म्हून काढली. दोघंबी माहेच हायेत. तिले भाकर म्याच बांधून देल्ती तवा. मले समदं मालूम होतं.”

साहेब म्हणाले, “आजी, मुलगा सरकारी नोकर आहे का?”

“हाये. कचेरीत हाये. रिसोडले राह्यते.”

“यानं त्याची नोकरी जाऊ शकते. समजतं का तुम्हाला?”

आईनं डोक्यावरचा पदर नीट केला. “मले समजते साहेब. तुमाले समजत असन तं लिवा लवकर.”

त्यांनी लिहिलं. वाचून दाखवलं. तिनं अंगठा दिला. मी सही केली. पंचांनी केली. सोमवारी, १९ ला, साहेब तुझा जबाब घ्यायला येणार आहेत. आईच्या जबाबाला तू ‘हो’ म्हटलंस तर तो पुरावा, ‘नाही’ म्हटलंस तर म्हातारीची बडबड. त्यांनी हे आम्हाला स्पष्ट सांगितलं.

लोकांचंही ऐक. उकंडराव आजा माझ्यापुढं येऊन उभा राहिला. मला वाटलं हात उगारतो. तो रडत होता. म्हणाला, “सहा महिने तू आमाले तुह्या भावावर थुकू देलं? त्यानं पानी मांगतलं तं म्या नाई म्हनलं, अन् तू पाहून राह्यली होती?” संध्याकाळी बैठक झाली, चिटणीसपद काढून घेतलं. दप्तर आता धनीबाईच्या सुनेकडे आहे. इब्राहीम मास्तरनं माझी बाजू घ्यायचा प्रयत्न केला, मीच त्याला बस म्हटलं.

तू ‘नाही’ म्हणालास तर तुला कोणी काही करू शकत नाही. तुझ्या पोरी तुझ्या पगारावर आहेत आणि ही चूक मी करायला लावली, तुझी इच्छा नव्हती. मी तुला काहीही सुचवत नाही. खरंच नाही. फक्त आईनं जेव्हापासून अंगठा दिला तेव्हापासून ती जेवलेली नाही, हे तुला कळलं पाहिजे असं वाटलं, म्हणून लिहिलं.

विमल


चिंचटेक, २० मार्च १९७९

भाऊ,

तुझ्या जबाबाची नक्कल साहेबांनी उकंडराव आजाला दाखवली. ‘आईचे म्हणणे खरे आहे. नावे मी समजून-उमजून वगळली. कोणाकडूनही काही घेतले नाही.’ तीन ओळी. तुझं अक्षर. त्याच दिवशी निलंबनाचा कागद हातात पडला हेही कळलं. लिलावहिनीची तब्येत कशी आहे ते कोणी सांगत नाही.

हॉलंडची तार शनिवारी मेडशीला आली. मास्तर सायकल मारत आला, वाटेत दोनदा पडला. सभासदांनी मत टाकलं आणि तिन्ही ठिकाणचा पैसा थांबला. आमचा थांबला, होंडुरासचा थांबला, आणि फिलिपिन्सच्या त्या बाईचाही. ती आता कुठे आहे ते मात्र नर्सबाईलाही ठाऊक नाही, शोधताहेत. काल तारेची भेंडोळी ट्रकमध्ये भरून नेली. जमीन आपल्या नावावर अजून झालेली नाही, साहेबांचा अहवाल वर गेला आहे. तोवर उकंडराव आजानं हुकूम काढला आहे की तेवीसच्या तेवीस जणांनी कचेरीत जाऊन म्हणायचं, आमचा सहा वर्षांचा दंड राहिला आहे, घ्या आणि पावती द्या. पहिल्या दिवशी कारकुनानं वेड्यांची जत्रा म्हणून हाकललं. आज परत गेलेत. मास्तरनं हे सगळ्या देशांत कळवलं आहे. होंडुरासच्या लोकांनी विचारलं, तुमच्याकडे दंड मागून घ्यावा लागतो का?

तुला आणायला आजा स्वतः येणार म्हणतो आहे. मी म्हटलं, आधी त्याला विचारू.

आई शेजारी बसली आहे. तिला लिहून हवं आहे. ती बोलेल तसंच लिहिते.

“जानराव, मी भागिरथा, तुही माय बोलून राह्यली. इमल लिवून राह्यली. तिले सांगतलं, एक शब्द बदलशीन तं हात मोडीन. बाबू, तुही नोकरी म्या घालवली. मले का ते नोको होती? तू पह्यल्या पगाराचं लुगडं आनलं, ते अजून हाये माह्यापाशी. पन त्या दिशी बरडावर इमल उभी होती अन् म्या तिच्या तोंडाकडं पाह्यलं. तुहं नाव तिच्या ओठावर आल्तं. म्या पोटची पोर वळखतो. बहीन भावाचं नाव घेते तं मंग दोघं जनमभर एकमेकाच्या दारात जात नाईत. माह्या मांगं तुमाले दुसरं कोन हाये? मायवर राग आला तं तो राह्यत नाई, चार दिस राह्यते अन् जाते. म्हून तिच्या आंधी म्या घेतलं. आता जो राग असन तो माह्यावर धर. लेकराईले घेऊन ये. लिलाले मनाव, भाकरी मी करतो.”

इतकं बोलून ती उठून आत गेली आहे.

भाऊ, तेरा तारखेच्या पत्रात मी शपथ घेऊन लिहिलं होतं, ते खोटं होतं. आई बरोबर सांगते आहे. मी तुझं नाव घेणारच होते.

विमल